कासारवडवली, उलवे की बदलापूर? (घर एक, नोकऱ्या दोन)

कळवा_स्लो

मंडळी, तीन महिने झाले, दर रविवारी घरं बघतोय. आता सँपल फ्लॅटमधला पलंग नेहमीपेक्षा किती इंच आखूड आहे तेही नजरेने सांगता येतं. (मुद्दाम आखूड करून घेतात, खोली मोठी दिसावी म्हणून. एकदा झोपून बघा, पाय बाहेर.)

परिस्थिती अशी. सध्या कळव्यात भाड्याने राहतो, २१ हजार भाडं. अकरा महिने संपत आले की घरमालकांचा चहाला या म्हणून फोन येतो आणि त्या चहाचे दीड-दोन हजार पडतात, दर महिन्याला. माझं ऑफिस फोर्टला, बायकोला ऐरोली. मुलगी अडीच वर्षांची. पीएफ आणि गावची वाटणी धरून हातात २० लाख आहेत, कर्ज ६० लाखांपर्यंत मिळेल असं बँक म्हणते.

तीन पर्याय उरलेत:

कासारवडवली, १ बीएचके, ४१० कार्पेट, ७८ लाख. अजून बांधकाम चालू. मेट्रो स्टेशन 'समोर'.

उलवे, १ बीएचके, ४५० कार्पेट, ७२ लाख. हेही बांधकाम चालू. विमानतळ, अटल सेतू वगैरे वगैरे.

बदलापूर पूर्व, २ बीएचके, ५८० कार्पेट, ४८ लाख. ताबा तयार, खिडकीतून डोंगर दिसतो.

प्रश्न साधा आहे. प्रवास वाढला तरी चालेल पण घर ऐसपैस घ्यावं, की लहान घ्यावं पण जवळ? अनुभव सांगा. 'पुण्याला जा' असं सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार.

रुमाल

रुमाल टाकून ठेवतेय. आमचंही हेच चाललंय.

टिंगलखोर

नाशिकला जा.

घोडबंदरचा_घोडा

२०१९ पासून कासारवडवलीत राहतोय, त्यामुळे पहिल्या पर्यायावर हक्काने बोलतो.

घर छान आहे. येऊरचा डोंगर दिसतो, हवा चांगली, मुलांना खेळायला जागा. पण 'ठाण्यात राहतो' आणि 'ठाणे स्टेशनला पोचतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठाण्याहून फास्ट लोकल सीएसएमटीला तासाभरात नेते. माझ्या घरापासून ठाणे स्टेशनला सकाळी तेवढाच वेळ लागतो, अंतर जेमतेम दहा किलोमीटर. वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, मग कापूरबावडी-माजिवड्याचा गुंता. हा रस्ता आपला एकट्याचा नाही. जेएनपीटी बंदरावरून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने गायमुख घाट चढतात. घाटात एक ट्रेलर बंद पडला की ओवळ्यापासून रांग.

मेट्रोचं म्हणाल तर मी घर घेतलं तेव्हाही ती 'समोर'च होती. काम २०१८ पासून बघतोय. गायमुखच्या बाजूच्या टप्प्यावर चाचणीची गाडी धावली २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. आम्ही सगळे गच्चीवर जाऊन बघून आलो, बारशाला जातात तसे.

हे सगळं बसमधून टाईप करतोय. मानपाडा.

सीए_बिनपगारी

धागाकर्ते, तुम्ही लिहिलेले आकडे ब्रोकरचे आहेत, तुमचे नाहीत. ठाण्याचं करून दाखवतो.

७८ लाखांवर मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४६ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी ५ टक्के, ३ लाख ९० हजार. (४५ लाखांच्या आतलं परवडणारं घर असतं तर १ टक्का लागला असता. इमारत राहायला योग्य असल्याचं महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाहीच.) झाले ८७ लाख ६६ हजार. पार्किंग, क्लब हाऊस, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ हे अजून धरलंच नाही. म्हणजे तुमचं २० अधिक ६० हे गणित इथेच तुटतं.

घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ७८ हजार वाचतील. दोघांच्या नावावर घेतलंत तर नाही.

६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता साधारण ५२ हजार. बदलापूरला ४८ मधले २० भरले तर २८ लाखांचं कर्ज, हप्ता २४ हजार ३०० च्या आसपास. फरक महिन्याला २७-२८ हजारांचा. बदलापूरमुळे रोज दीड तास जास्त जातो असं धरू. बावीस दिवसांचे ३३ तास. म्हणजे त्या जास्तीच्या प्रवासाच्या दर तासाला तुम्हाला ८४० रुपये सुटतात. परवडतंय का ते तुम्ही ठरवा.

टिंगलखोर

तासाला ८४०? मला ऑफिसात २५० पडतात. नोकरी सोडून नुसता लोकलमध्ये बसून राहतो.

सीए_बिनपगारी

बसायला मिळालं तर.

बदलापूर_होम_प्लॅटफॉर्म

मिळतं! म्हणूनच लिहायला आलो. बदलापूरहून सुटणारी गाडी पकडायची. गाडी प्लॅटफॉर्मला लागतानाच चढायचं, थांबायची वाट बघायची नाही (हे बायकोला सांगू नका). खिडकी नाही मिळाली तरी तिसरी सीट मिळते. अंबरनाथचे लोक मात्र उलटे बदलापूरला येऊन, बसून परत जातात. त्यांच्याशी आमचं शीतयुद्ध गेली पंधरा वर्षं चालू आहे.

सीएसएमटी ६८ किलोमीटर, पावणेदोन तास धरा. बारा वर्षं करतोय. आमच्या ग्रुपने डब्यात गणपतीची आरती केली, दसऱ्याला डबा सजवला, एकाचं लग्न जमवलं. मुलगा बारावी झाला तो दोन खोल्या होत्या म्हणून. कळव्यात असतो तर त्याने स्वयंपाकघरात अभ्यास केला असता. जागेची किंमत मूल शाळेत जायला लागलं की कळते, आत्ता नाही कळणार.

तोटेही सांगतो. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, आठवत असेल. उल्हास नदी चढली की आम्ही घरीच. घर बघायला जाल तेव्हा तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का ते बघा. रंग नवा असेल तर शेजारच्या वाण्याला विचारा, त्याच्या लक्षात असतं.

दिवा_लावा

थोडं गंभीर. आरत्या आणि सजावट ठीक आहे, पण बदलापूर ते कळवा या पट्ट्यातला प्रवास हा नुसता वेळेचा प्रश्न नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जाताना दारात लटकलेली माणसं पडली, जीव गेले. मी त्या दिवशी मागच्या गाडीत होतो. गाडी तिथे थांबली तेव्हा डब्यात कोणी बोलत नव्हतं. नंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायची घोषणा झाली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ ला सुरू झाली तेव्हाही आम्ही पेढे वाटले होते. गर्दी मात्र तिथल्या तिथेच आहे, कारण त्यामागे दर महिन्याला नवे टॉवर उठतायत.

बदलापूरला बसून निघाल तुम्ही, पण फोर्टहून परत येताना? संध्याकाळी सहाची कर्जत पकडून बघा आणि मग लिहा.

बदलापूर_होम_प्लॅटफॉर्म

दिवावाले, मान्य. संध्याकाळचं मी मुद्दामच लिहिलं नव्हतं.

वाशीची_आजी

आम्ही १९८५ साली वाशीला आलो. तेव्हा रेल्वे नव्हती, खाडीपुलावरून बेस्टची बस. रात्री कांदळवनातून कोल्हे ओरडायचे. सासूबाई म्हणायच्या, दादर सोडून हे कसलं रान गाठलंत. रेल्वे आली १९९२ ला. सात वर्षं कळ काढली. पावसात बस बंद पडली की यजमान मानखुर्दहून पूल चालत यायचे, चपला हातात, डब्याची पिशवी डोक्यावर. आज त्याच घराला एजंट रोज बेल वाजवतात. तेव्हा मुलांनो, थोडी कळ काढा, सोयी येतात. उलवे घ्या.

अडगळ

आजी, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण हे उदाहरण प्रत्येक धाग्यावर कोणी ना कोणी देतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तुम्ही घर केवढ्याला घेतलंत? माझ्या मामांनी त्याच सुमारास त्याच सेक्टरमध्ये सव्वा लाखाला घेतलं. त्या किमतीत रेल्वे धरलेली नव्हती. रानात राहायचं म्हणून भाव रानाचा होता. तुम्ही जी कळ काढलीत तिचं दाम नंतर तुम्हालाच मिळालं. आमच्या वेळी बिल्डर ब्रोशरमध्येच मेट्रो, ठाणे-बोरिवली बोगदा, विमानतळ, सेतू सगळं छापतो आणि त्याचे पैसे बुकिंगच्या दिवशी घेतो. आम्ही कळही काढायची आणि दामही आधी मोजायचं. पुढे सोय आली तरी भाव काय वाढणार? तो वाढून बसलाय.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० साली निघाली ती मुंबईवरचा भार कमी व्हावा, साध्या माणसाला घर मिळावं म्हणून. अलीकडच्या २६ हजार घरांच्या सोडतीत वाशीतल्या लहान घराची किंमत ७४ लाखांच्या घरात होती. अल्प उत्पन्न गटासाठी! उत्पन्न अल्प, किंमत दीर्घ.

वाशीची_आजी

सव्वा नाही, एक लाख दहा हजार. पण तेव्हा यजमानांचा पगार दीड हजार होता रे. सोन्याच्या पाटल्या मोडल्या. बाकी तू म्हणतोस ते पटलं.

खाडीकाठचा

उलव्याचा विषय निघालाय म्हणून. मी तिथला भूमिपुत्र, आमची खाडीलगत भातशेती आणि मिठागरं होती. आज्याने नव्या मुंबईसाठी जमीन दिली, बापाने १९८४ च्या जासईच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या, शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटलांच्या मागं. तवा कुठं दिलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले. आमच्याच त्या भूखंडांवर बिल्डर आले आणि त्यांनी तुम्हाला ७२ लाखांचं घर दाखवलं. आम्ही पण त्यातलेच दोन फ्लॅट घेऊन बसलोय, खोटं कशाला बोलू.

आता खरं सांगतो. विमानतळ येणार हे मी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायचो तेव्हापासून ऐकतोय. ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. मधल्या काळात उलव्यात तीन वेळा भाव चढले, तीनही वेळा विमानतळाच्याच नावावर. अटल सेतू जानेवारी २०२४ ला झाला. बावीस किलोमीटरचा पूल, दिसायला झकास. पण कारला एका बाजूचे २५० रुपये. रोज कारने जाणारा माणूस उलव्यात १ बीएचके कशाला घेईल? एनएमएमटीच्या बस सेतूवरून मंत्रालयापर्यंत जातात, त्या बऱ्या, पण मोजक्या. उरणची लोकल आहे, तिच्या गाड्या कमी. एक चुकली की प्लॅटफॉर्मवर जाळं विणत बसा.

राहायला गाव चांगलं आहे. संध्याकाळी खाडीवरून वारा येतो, मासळी ताजी, निवटीचं कालवण खायचं तर माझ्याकडं या. डास आहेत, तेही ताजे.

टिंगलखोर

निवटी! धागा इथेच संपवा, घर उलव्यात फायनल.

रुमाल

आणि मामलेदारच्या मिसळीचं काय? ठाणं सोडणाऱ्यांनी त्याचाही हप्ता धरावा.

घोडबंदरचा_घोडा

कापूरबावडी. अख्खा धागा वाचून झाला.

खारघर_टेकडी

आमच्याकडे मेट्रो आली हो! बेलापूर ते पेंधर, अकरा स्टेशनं, नोव्हेंबर २०२३. नऊ वर्षं तिच्या खांबांना नमस्कार करत होतो. आता तळोज्याच्या बाजूने येणाऱ्यांना बेलापूर स्टेशन सोपं झालंय. धागाकर्ते तळोजा-पेंधर का बघत नाहीत? रात्री कधीकधी औद्योगिक वसाहतीकडून वास येतो आणि उन्हाळ्यात टँकर लागतो, पण उलव्यापेक्षा स्वस्त.

अडगळ

'रात्री वास आणि उन्हाळ्यात टँकर, पण स्वस्त.' घर विकायला तुम्हालाच ठेवायला हवं.

पोळीभाजी_केंद्र

माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. घर घेऊच नका. ७८ लाखांचं घर २२ हजार भाड्याने मिळतंय, तर ५२ हजार हप्ता का भरायचा? फरक एसआयपीत टाका. ऑफिस बदललं की घर बदला. ऑफिस शेवटपर्यंत फोर्टलाच राहील याची खात्री काय? माझं दहा वर्षांत नरिमन पॉइंट, बीकेसी, मग ऐरोली असं फिरलं. घर घेऊन बसलो असतो तर प्रत्येक वेळी चुकीच्याच टोकाला असतो.

बदलापूर_होम_प्लॅटफॉर्म

आणि दर अकरा महिन्यांनी मुलीची शाळा बदलायची? गॅस, आधार, रेशनकार्ड? भिंतीला खिळा मारायला परवानगी मागायची?

पोळीभाजी_केंद्र

खिळ्यासाठी ५२ हजार जरा जास्त होतात ना काका. हलके घ्या.

सीए_बिनपगारी

पोळीभाजींचं गणित बरोबर आहे, फक्त तो फरक खरोखर एसआयपीत टाकणारा माणूस मी माझ्या धंद्यात आजवर दोनदा पाहिला. त्यातला एक मी नाही.

टिफिन_क्रमांक_२

हा धागा मला ऑफिसातल्या मैत्रिणीने पाठवला. "कळवा, ऐरोली, अडीच वर्षांची मुलगी, ही तूच ना?" हो, मीच. 'बायकोला ऐरोली' म्हणून ज्यांचा दोन शब्दांत उल्लेख झालाय ती बायको. खातं आत्ताच काढलं.

सगळ्यांनी फोर्टपर्यंतच्या प्रवासाचे तास मोजलेत. माझा दिवस सांगते. सकाळी सात-चाळीसला मुलीला घेऊन निघते. खारेगावात माझी आई राहते, तिच्याकडे सोडते. मुलगी रडते, मग आई तिला गॅलरीतून कावळे दाखवते, तेवढ्यात मी जिना उतरते. शेअर रिक्षा विटाव्यापर्यंत, तिथून बस. पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं तेव्हा तासभर खोळंबा, एरवी अर्ध्या-पाऊण तासात ऑफिस. सव्वासहाला सुटले की सातला मुलगी माझ्या कडेवर. नवरा पोचतो साडेआठला, तोपर्यंत तिचं जेवण झालेलं असतं.

आता तीन पर्याय. कासारवडवलीहून ऐरोली म्हणजे आधी घोडबंदर रोड, मग ठाणे स्टेशन, मग ट्रान्सहार्बर. उलव्याहून उरणची गाडी, नेरुळला बदल. बदलापूरहून ठाण्याला उतरून परत ऐरोली, संध्याकाळी तीच गर्दी उलट. तिन्हीकडे माझे येऊन-जाऊन तीन तास तरी. पाळणाघरं साडेसातला बंद होतात, उशीर झाला तर दर अर्ध्या तासाला दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे त्या बाईंचं तोंड. तिन्ही घरांच्या तक्त्यात कार्पेट आहे, पार्किंग आहे, जिम आहे. आईचा रकाना नाही.

खारेगावात एक रिसेल बघितलं होतं, १ बीएचके, तिसरा मजला, ५५ लाख. इमारत पंचवीस वर्षांची, लिफ्ट नाही. हा म्हणाला "तिथे भाव वाढणार नाही." मला विकायचं नाहीये, राहायचंय.

रुमाल

🙏

टिंगलखोर

कळवा_स्लो, आज घरी जायची शेवटची लोकल किती वाजता आहे तुमची?

वाशीची_आजी

बाळे, शाब्बास. मी मगाशी उलवे म्हटलं ते मागे घेते. मला नातवंडांना सांभाळायला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं, म्हणून सुचलं नाही.

अडगळ

मी धागाकर्त्यांची थोडी बाजू घेतो. आईंचं वय काय? अजून किती वर्षं सांभाळतील? दीड वर्षात मुलगी शाळेत जाईल. घर वीस वर्षांचं, सांभाळणं तीन-चार वर्षांचं. आणि तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर ज्या आईसाठी घर घेताय तिलाच ते चढवणार नाही.

टिफिन_क्रमांक_२

चौसष्ट. गुडघे दुखतात, म्हणून तिला चढवायचंच नाहीये. मुलगी तिच्याकडे जाईल, ती आमच्याकडे नाही. आणि शाळा साडेबाराला सुटते. साडेबारा ते सात कोण, ते सांगा. राहिला वीस वर्षांचा प्रश्न, तर वीस वर्षांनी आईला कोणीतरी लागेल. तेव्हाही पाच मिनिटांवर असलेलं बरं.

अडगळ

निरुत्तर. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

दिवा_लावा

कळवा-खारेगाव म्हणून एक सावधगिरी. या पट्ट्यात अनधिकृत इमारती भरपूर आहेत. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, महापालिकेचा मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष मजले जुळतात का, अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. 'बँकेने कर्ज दिलंय ना' हा पुरावा नाही. डोंबिवलीतल्या ६५ इमारती आठवा. खोट्या परवानग्यांच्या कागदांवर रेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी मिळवली, लोकांनी नंबर बघून विश्वासाने घरं घेतली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाचा पाडण्याचा आदेश आला. हप्ते चालूच.

सीए_बिनपगारी

+१. आणि ५५ लाखांवर ७ टक्के म्हणजे ३ लाख ८५ हजार, ताईंच्या एकट्यांच्या नावावर घेतलं तर ३ लाख ३० हजार. रिसेल म्हणून जीएसटी नाही. नोंदणी ३० हजार. तीनेक लाख दुरुस्तीला ठेवा, पंचवीस वर्षांच्या इमारतीत बाथरूमची गळती धरूनच चालायची. कर्ज ४२ लाखांचं धरलं तर हप्ता साडेछत्तीस हजार. इमारत जुनी असल्यामुळे बँक मुदत कमी करू शकते, ते आधी विचारून घ्या. सोसायटीची ना-हरकत आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर इतिवृत्ताच्या वहीत सापडतील.

कळवा_स्लो

दोन दिवस गायब होतो. घरी बरंच काही झालं, ते इथे लिहीत नाही.

सोमवारी रजा टाकून उलव्याला गेलो. आधी रविवारीच गेलो होतो, तेव्हा सेल्सवाल्याने गाडीतून फिरवलं आणि एसीत पन्हं दिलं. या वेळी कोणाला न सांगता सकाळी साडेसातला बामणडोंगरी स्टेशनवर उभा राहिलो. जाताना ठीक होतं. नेरुळला गाडी बदलून हार्बर पकडली, उभं राहायला जागा मिळाली. बिल्डिंगच्या गेटपासून ऑफिसच्या दारापर्यंत पावणेदोन तास. म्हटलं, जमेल. परत येताना नेरुळला उरणची गाडी दोन मिनिटांनी चुकली. मग बसलो. भलंमोठं स्टेशन, पंखे चालू, एक कुत्रं आणि मी. पुढची गाडी यायला पाऊण तास लागला. त्यात मी एकच हिशेब केला. ही गाडी चुकलेली माणूस ती असती, आणि पाळणाघरात घड्याळाकडे बघणारी आमची पोर असती तर? मी उशिरा पोचलो तर आमटी गार होते. ती उशिरा पोचली तर वेगळं होतं.

तक्ता मीच केला होता, एक्सेलमध्ये, रंग देऊन. त्यात 'अंतर' हा एकच रकाना होता आणि तो माझ्या ऑफिसपासून होता. ते आत्ता दिसलं.

खारेगावचं घर शनिवारी परत बघतोय. सेक्रेटरी म्हणाले भोगवटा प्रमाणपत्र आहे, पण झेरॉक्स 'शोधावी लागेल'.

दिवा_लावा

'शोधावी लागेल' हे वाक्य ऐकलं की मी चप्पल घालतो. महापालिकेच्या शहर विकास विभागात माहिती अधिकारात अर्ज टाका. त्यांच्याकडे असेल तर आहे, नाहीतर नाही.

बदलापूर_होम_प्लॅटफॉर्म

बदलापूर हरलं, पण वाईट वाटलं नाही. एक विचारू? कळव्याहून तुम्ही चढता कसे?

कळवा_स्लो

काका, ते इथे लिहिलं तर रेल्वे पोलीस येतील. गाड्या रिकाम्या उभ्या असतात ती कारशेड, एवढंच म्हणतो.

टिफिन_क्रमांक_२

काय???

टिंगलखोर

अरे देवा. याला पुन्हा दोन दिवस गायब व्हावं लागणार.

कळवा_स्लो

तो स्वतंत्र धागा होईल. सध्या एवढंच सांगा, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर लोखंडी कपाट कसं चढवतात? जिना अरुंद आहे, वळणावर अडेल असं वाटतंय.

वाशीची_आजी

गॅलरीतून दोरीने. आमचं तसंच चढवलं होतं. खालून दोघं, वरून तिघं, आणि आरसा आधी काढून घ्या.

सीए_बिनपगारी

कपाट नंतर. आधी झेरॉक्स.